मेलेल्या नखाची सेवा पुरे

दिवा-रोहा गाडीत पेणला चढा किंवा वडखळच्या नाक्यावर एस.टी.ची वाट बघत उभे राहा, दोन्ही हातांची नखं एकमेकांवर घासत बसलेलं कुणीतरी दिसतंच. का घासता म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: केस वाढतात, पिकत नाहीत. शेजारची बाई लगेच आपली भर घालते, नखांना लसूण चोळा, आठ दिवसांत वाढतात. तिसऱ्याला कुणाच्या तरी नखावर पांढरा ठिपका दिसतो आणि तो कॅल्शियमच्या गोळ्या सुचवतो. चौथी बजावते, शनिवारी कापू नका हो. हा सगळा अडाणीपणा आहे आणि तो निरुपद्रवी आहे, चालायचंच, असं म्हणायला मी तयार नाही. धरमतर खाडीच्या दोन्ही काठांवर बायकांचे हात वर्षभर पाण्यात, चिखलात, मासळीत नाहीतर गणपतीच्या मूर्तींच्या प्लास्टरमध्ये असतात. अशा मुलखात नखांबद्दल इतकं बोललं जातं आणि त्यातलं जवळजवळ काहीच खरं नसतं. त्याची किंमत त्याच बायकांची बोटं मोजतात.

आधी नख वाढतं कुठे ते नीट समजून घ्या, कारण सगळ्या थापा तिथेच उघड्या पडतात. आपल्याला दिसतं ते नख मेलेलं असतं. त्यात रक्त नाही, मज्जातंतू नाही, एकही जिवंत पेशी नाही. म्हणूनच नेलकटर चालवताना दुखत नाही. जिवंत आहे ते नखाचं मूळ. ते बुडाशी, कातडीच्या घडीखाली लपलेलं असतं. अंगठ्याच्या नखावर जी पांढरट चंद्रकोर दिसते ती या मुळाची बाहेर डोकावणारी कड. या मुळात पेशी सतत जन्माला येतात, केराटिन नावाच्या प्रथिनाने भरतात, चपट्या होतात, मरतात आणि मागून येणाऱ्या पेशींच्या रेट्याने पुढे सरकतात. सोऱ्यातून बाहेर पडलेल्या चकलीला कितीही तेल चोपडलं तरी आतलं पीठ वाढत नाही. बाहेर आलेल्या नखाला लसूण, एरंडेल, बदामाचं तेल किंवा दोनशे रुपयांचं सीरम चोळून मुळातली एक पेशी जास्त तयार होत नाही. तेलाने नख कोरडं पडत नाही, कमी तुटतं आणि म्हणून लांब राहतं. तेवढा गुण तेलाचा मान्य. पण ते वाढवतं असं सांगणारा खोटं सांगतो.

हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर सरकतं, पायाचं त्याच्या निम्म्याने. हाताचं अख्खं नख निघून गेलं तर पूर्ण यायला सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याचं यायला वर्ष ते दीड वर्ष. मधलं बोट सगळ्यांत वेगात, करंगळी आणि अंगठा मागे. उन्हाळ्यात किंचित जास्त, हिवाळ्यात किंचित कमी. गरोदरपणात वेग वाढतो, म्हातारपणात मंदावतो. विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४१ सालापासून स्वतःच्या डाव्या अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी कानसेने खूण करायची, ती टोकाला पोचायला किती दिवस लागतात ते मोजायचं, असं पस्तीस वर्षं केलं. बत्तिसाव्या वर्षी त्यांचं नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. एका माणसाने एका नखाकडे इतक्या चिकाटीने पाहिलं. आपल्याकडे आठ दिवसांत नखं वाढवण्याची हमी देणाऱ्यांपैकी एकाने तरी आठ दिवस पट्टी लावून मोजलंय का?

आपल्या महाराष्ट्रातही असं एक मोजमाप आहे, आणि ते जगभर गाजलं. पुण्याच्या श्रीधर चिल्लाल यांनी १९५२ साली, शाळकरी वयात, डाव्या हाताची नखं कापणं बंद केलं. शिक्षकांनी जपलेलं लांब नख त्यांच्या हातून मोडलं, त्यावरून बोलणी बसली आणि पोराने जिद्द धरली. २०१४ साली गिनेसच्या माणसांनी मोजली तेव्हा पाच नखांची लांबी मिळून ९०९.६ सेंटिमीटर भरली. एकट्या अंगठ्याचं नख १९७.८ सेंटिमीटर. ११ जुलै २०१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये ती कापली गेली. आता गणित करा. बासष्ट वर्षांत १९७.८ सेंटिमीटर म्हणजे महिन्याला पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास. तुमच्या-माझ्या अंगठ्याचाच वेग. त्यांच्या नखांत जादू नव्हती, खास तेल नव्हतं, वंशाचा गुण नव्हता. त्यांनी कापली नाहीत, एवढंच. आणि कापली की जोमाने वाढतात, ही आणखी एक समजूत यातच मोडते, कारण टोकाला कात्री लागली हे मुळाला कळायचा काही मार्गच नाही. त्या विक्रमासाठी चिल्लाल यांचा डावा हात कायमचा अधू झाला, बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. त्यांच्याबद्दलच्या बातम्यांत हे वाक्य शेवटी यायचं. माझ्या मते ते पहिलं यायला हवं होतं.

नखं घासण्याच्या प्रकाराला बालायाम असं भारदस्त नाव देऊन टीव्हीवरच्या शिबिरांनी तो घरोघर पोचवला. सांगितलं जातं की नखाखालच्या नसा डोक्याच्या कातडीला जोडलेल्या असतात. अशी कुठलीही नस नाही. शरीरशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात ती सापडत नाही, कारण ती शरीरात नाही. दोन मेलेले पापुद्रे एकमेकांवर घासून टाळूवर केस उगवत नाहीत. माझा संताप आणखी एका गोष्टीचा आहे. नखाला नख लावून एक खरी, फुकटची, दहा सेकंदांची तपासणी करता येते आणि ती कुणी शिकवत नाही. दोन्ही हातांची तीच बोटं घ्या, नखाला नख लावून एकमेकांसमोर धरा. दोन नखांच्या बुडाशी चौकटच्या आकाराची बारीक फट दिसली पाहिजे. ती फट बुजली असेल, नखं फुगीर होऊन पोपटाच्या चोचीसारखी खाली वळली असतील, तर फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असू शकतो. लिओ शॅमरॉथ या दक्षिण आफ्रिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी स्वतःच्या हृदयाच्या आजारपणात स्वतःच्या बोटांवर हे पाहिलं आणि १९७६ साली लिहून ठेवलं. गाडीत बसून जे हात रोज नखं घासतात त्यांनी एकदा ती नुसती समोरासमोर धरली असती तर एखाद्याचा आजार वेळेवर हाती लागला असता.

पांढऱ्या ठिपक्यांचं कॅल्शियम. नखात कॅल्शियम अगदी नाममात्र असतं. नख कडक होतं ते केराटिनच्या धाग्यांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या गंधकाच्या जोडांमुळे. हा गंधक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पांढरा ठिपका म्हणजे दीड-दोन महिन्यांपूर्वी मुळावर बसलेला बारीकसा मार: दारात चेमटलेलं बोट, पाट्याचा लागलेला दगड, नखाची कड कुरतडायची सवय. ठिपका नखाबरोबर पुढे सरकतो आणि कापला जातो. त्याच्यावर उपाय काहीच नसतो आणि काही करायचंही नसतं. तरीही आईबाप मुलांना महिनोन्महिने कॅल्शियमची बाटली पाजतात आणि ठिपका गेला की श्रेय बाटलीला देतात.

मेल्यावर नखं वाढतात हेही खोटं. वाढीला साखर लागते, साखर रक्त पोचवतं, रक्त थांबलं की वाढ संपली. कातडी सुकून मागे हटते आणि नख लांब दिसतं. शनिवार, अमावस्या, दिवेलागण यांचा नखाशी काडीचा संबंध नाही. चिमणीच्या उजेडात बोट कापलं जायचं म्हणून रात्री नको म्हणायचे, तेवढं तेव्हा बरोबर होतं. आता घरात एलईडी आहे. कापा.

इथवरचं अज्ञान पैसे खातं, वेळ खातं. आता जे सांगते ते बोटं खातं.

पेणच्या मासळीबाजारात एक मावशी बसते. जिताडा असो, बोय असो, ती कोयत्यावर साफ करून देते. गेल्या पावसाळ्यात तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर अख्खं लिंबू खोचलेलं होतं आणि त्या बोटाला वगळून बाकीच्या चार बोटांनी ती काम करत होती. "नखुर्डं झालंय बाय, रातभर ठणकतंय," म्हणाली. लिंबू काढायला लावलं. नखाच्या कडेची कातडी टरारून लाल झाली होती, एका बाजूला पिवळट पू चमकत होता, लिंबाच्या रसाने भोवतीची कातडी पांढरी पडून सोललेली होती. तिच्या बाकीच्या बोटांकडे पाहिलं. नऊपैकी निम्म्या नखांच्या बुडाशी असते ती कातडीची पातळ किनार गायब. तिथे नख आणि कातडी यांच्यात उघडी खाच, आणि त्या नखांवर आडव्या लाटा. म्हणजे हे दुखणं नवं नव्हतं. बोटं वर्षानुवर्षं सुजत होती, उतरत होती आणि प्रत्येक खेपेला मूळ थोडं थोडं मार खात होतं.

ती बुडाची किनार म्हणजे देहाने लावलेलं सील आहे. नख आणि कातडी यांच्यातली फट बंद ठेवायची, पाणी आणि जंतू मुळापर्यंत जाऊ द्यायचे नाहीत, हे तिचं एकमेव काम. हात दिवसभर ओले राहिले की ती फुगते, सुटते, नाहीशी होते. मग मासळीचं पाणी, साबण, बुरशी, सगळ्यांना मोकळं दार. खाडीकाठी ओल्या हातांची कामं मोजायला बसा: मासळी सोलणं, चिंबोऱ्या धुणं, खाराच्या शेतातली लावणी, धुणीभांडी. पेण, हमरापूर, जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत प्लास्टरने भरलेले हात दिवसातून वीस वेळा धुवायचे, वर थिनरने रंग पुसायचा. प्लास्टर कातडीतलं पाणी ओढून घेतं, थिनर तिची स्निग्धता घालवतं, नखं पापुद्र्यापापुद्र्याने सुटतात. त्या मूर्तींची नखं नाजूक कुंचल्याने रंगवणाऱ्या पोरींच्या स्वतःच्या नखांकडे बघा. देशभर मूर्ती जातात, नाव होतं, आणि तिथल्या बाईच्या बोटाला झालेलं दुखणं "कामात चालायचंच" म्हणून मोडीत काढलं जातं.

नखुर्ड्यावर लिंबू हा उपाय नाही, ती इजा आहे. पू साठला असेल तर तो बाहेर काढावा लागतो. स्वच्छ हत्याराने, डॉक्टरच्या हातून, पाच मिनिटांचं काम. कोंडलेला पू मुळावर दाब देतो, आणि मुळाला कायमची जखम झाली की तिथलं नख जन्मभर रेघोट्यांचं, दुभंगलेलं येऊ शकतं. मधुमेह असेल तर प्रकरण बोटावर थांबेलच असं नाही. लिंबात बोट घालून दोन रात्री काढायच्या म्हणजे पुवाला आत पसरायला दोन रात्री द्यायच्या. आणि ज्यांना वाटतं हा गरिबांचा अडाणीपणा, त्यांनी आपल्या ब्यूटी पार्लरकडे पाहावं. मॅनिक्युअर म्हणून पैसे मोजून तीच किनार मागे ढकलतात, कापून टाकतात आणि ते हत्यार तसंच पुढच्या गिऱ्हाइकाच्या बोटाला लावतात. मासळीवालीचं सील कामाने गेलं. पार्लरवाली ते पैसे घेऊन फोडते आणि त्याला निगा म्हणते.

बाजारातल्या त्या मावशीने लिंबाच्या आधी एक ट्यूब लावली होती. मेडिकलच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय. दुकानदाराने बोट लांबून बघितलं आणि "सगळ्यावर चालते" म्हणून दिली. खोक्यावर वाचलं: एक स्टेरॉइड, एक बुरशीवरचं औषध, एक जंतूंवरचं, सगळं एका ट्यूबमध्ये. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. नियम आहे, छापील आहे, आणि काउंटरवर त्याला कुणी विचारत नाही. स्टेरॉइडने सूज उतरते, लाली जाते, बाईला वाटतं बरं झालं. आत बुरशी असेल तर ती निवांत वाढते. नखाच्या बुरशीचा खरा इलाज हाताला सहा आठवडे आणि पायाला बारा आठवडे गोळ्या, तोही नमुना तपासून, आणि स्वच्छ नख दिसायला पुढचे काही महिने, कारण नख आपल्या गतीनेच येणार. हे तिला कुणी सांगितलं नाही. दुकानदाराकडे तिला ट्यूब विकायला वेळ होता, दोन वाक्यं बोलायला नव्हता.

त्याच दुकानाच्या दर्शनी फळीवर केस-त्वचा-नखांच्या रंगीत गोळ्यांच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असतात. त्यात मुख्य असतं बायोटिन. बायोटिनची खरी कमतरता दुर्मिळ आहे, कारण अंडं, शेंगदाणे, डाळी, मासळी सगळ्यांत ते असतं. खाडीकाठच्या माणसाला ते विकणं ही निव्वळ लूट आहे. आणि लुटीवर भागत नाही. भरपूर बायोटिन घेतलेल्या माणसाची रक्ततपासणी चुकीची येऊ शकते. हृदयाच्या झटक्याचं निदान करणारी ट्रोपोनिनची तपासणी खोटी कमी दाखवू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली दिला, आणि अशा चुकीच्या निकालानंतर झालेल्या एका मृत्यूची नोंदही त्यात होती. छातीत कळ येऊन दवाखान्यात आलेल्या बाईला नखांच्या गोळ्यांबद्दल कोण विचारणार?

बऱ्याच बरण्यांत दुसरं एक नाव बारीक अक्षरात असतं: सेलेनियम. हे नाव महाराष्ट्राने कधी विसरता कामा नये.

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि भोवतालच्या गावांत माणसांचे केस मुठीत येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. बघता बघता अठरा गावं, पावणेतीनशेच्या वर माणसं. सुरुवातीला पाणी, नायट्रेट, बुरशी, शाम्पू अशी कारणं फिरली. गावांतली ठरलेली लग्नं मोडल्याच्या बातम्या आल्या, पोरींनी कॉलेज सोडलं. आपल्या रायगडातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामासाठी ज्यांना जग ओळखतं आणि ज्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, ते तिथे गेले, माणसं तपासली, नमुने घेतले. त्यांचा निष्कर्ष: रेशनच्या गव्हातला सेलेनियम. त्यांनी तपासून घेतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम निघाला. प्रौढ माणसाला दिवसाला ०.४ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. त्या गव्हाची पाव किलो कणीक खाणाऱ्याच्या पोटात मर्यादेच्या नऊपट सेलेनियम जात होता, रोज.

आणि एप्रिलमध्ये त्याच गावांत नखं गळायला लागली. आधी पांढरी पडली, खडबडीत झाली, चिरली, मग बोटावरून सुटून हातात आली. माणसं हादरली, नवा रोग म्हणाली. ज्याला नख कसं वाढतं हे ठाऊक आहे त्याला हा नवा रोग वाटला नसता. केस लवकर बोलतात, नख उशिरा बोलतं. मुळात विष शिरलं तेव्हा बिघडलेला पदार्थ महिन्याला तीन मिलिमीटरने बाहेर यायला तेवढे महिने लागणारच. वर मी गंधक लक्षात ठेवायला सांगितला तो यासाठी: सेलेनियम गंधकाचा जवळचा भाऊबंद आहे. तो केराटिनमध्ये गंधकाच्या जागी जाऊन बसतो आणि नखाला बांधणारे जोड कच्चे राहतात. १९६० च्या दशकात चीनच्या एन्शी भागात हेच झालं होतं, केस आणि नखं दोन्ही गळली. पंजाबात नवांशहर-होशियारपूरच्या पट्ट्यातली जमीन सेलेनियमने भरलेली आहे आणि तिथल्या धान्यात तो उतरतो, हे शेतीशास्त्रज्ञांना कित्येक वर्षं ठाऊक आहे. २००८ साली अमेरिकेत एका पौष्टिक द्रव्यात चुकून लेबलच्या दोनशेपट सेलेनियम पडला आणि २०१ माणसांची तब्येत बिघडली, केस गेले, नखं गेली. सगळं लिहून ठेवलेलं आहे. शेगावच्या गावकऱ्याला मात्र पहिल्या महिन्यात कुणी सांगितलं नाही की बाबा, तो गहू आधी बाजूला ठेव, आणि पुढच्या दोन-चार महिन्यांत नखांवरही दिसेल, घाबरू नकोस, मूळ शाबूत असेल तर नवं येईल.

नखांना लसूण चोळायचं ज्ञान व्हॉट्सअॅपवर एका दिवसात शेगावपासून रोह्यापर्यंत पोचतं. बावस्करांनी सांगितलेलं सहा महिन्यांनीही पेणच्या बाजारात कुणाला माहीत नव्हतं. इथेही रेशनचाच गहू येतो.

नख हा गेल्या सहा महिन्यांचा देहाचा दस्तऐवज आहे आणि आपण तो वाचत नाही. १८४६ साली बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवलं की मोठं आजारपण आलं की मुळाचं काम काही दिवस थांबतं आणि नखावर आडवी खाच राहते. वैशाखातला टायफॉइड श्रावणात नखाच्या मध्यावर दिसतो. खाच बुडापासून किती सरकली ते मोजलं की दुखण्याचा महिना सांगता येतो. नख दाबून सोडा: पांढरं होऊन दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. नखावर अचानक उगवलेली काळी उभी रेघ, रुंद होत जाणारी, बुडाच्या कातडीत पसरणारी, ही क्वचित कर्करोगाची असते, तिला मार लागला असेल म्हणून सोडायचं नसतं. आणि चमच्यासारखं खोलगट झालेलं, पाण्याचा थेंब वर ठरेल असं पातळ नख बहुतेक वेळा लोहाची कमतरता सांगतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय होता. निम्म्याहून जास्त. त्यांच्या नखांवर आपण फक्त लाली बघतो, आणि लालीखाली पांढरंफटक नख झाकलं जातं.

शाळेतली नखांची तपासणी आठवा. सोमवारी प्रार्थनेनंतर पोरांनी हात पुढे करायचे, गुरुजींनी पट्टी घेऊन ओळीतून फिरायचं, लांब नख दिसलं की बोटांच्या पेरांवर फटका. नखाखालची घाण पोटात जाते, जंत होतात, म्हणून नखं कापलेली हवीत, हे योग्यच. पण दर आठवड्याला शंभर पोरांची हजार नखं डोळ्यांखालून जातात आणि बघायची फक्त लांबी? रंग नाही, आकार नाही, बुडाची सूज नाही. खोलगट नखाची पोरगी पट्टीला घाबरून नखं कुरतडून येते, तपासणीत पास होते आणि तिचं हिमोग्लोबिन सात असतं. पट्टी मारायला शिकवलं, बघायला शिकवलं नाही. हा गुरुजींचा दोष मी मानत नाही. त्यांच्या प्रशिक्षणात ही अर्ध्या तासाची गोष्ट घालायची राहून गेली, याचा दोष ज्यांनी ती प्रशिक्षणं आखली त्यांचा.

मासळीबाजारातल्या मावशीला मी उपजिल्हा रुग्णालयात नेलं. पू काढला, दोन दिवसांत ठणका गेला. पण तिला कोरड्या हाताने काम करा म्हणणं म्हणजे धंदा बंद करा म्हणणं आहे, आणि ते सांगून मोकळं होणाऱ्या डॉक्टरांचाही मला राग येतो. रबरी मोज्यात कोयत्यावर मासळी घसरते, मी स्वतः करून पाहिलंय. तिला जमेल असं सांगा: मासळी धुताना आणि भांडी घासताना तरी मोजे, आत सुती मोजा, म्हणजे घाम साठत नाही. काम संपलं की बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा कापडाने टिपून कोरड्या. रात्री झोपताना बुडाच्या कातडीवर खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली, नख वाढावं म्हणून नव्हे, सील पुन्हा बसावं म्हणून. ती किनार कापायची नाही, कुरतडायची नाही. पू दिसला की लिंबू नाही, ट्यूब नाही, दवाखाना.

आणि गणपतीच्या कारखान्यांत हे तिथल्या बायकांच्या खर्चाने होता कामा नये. माघातल्या ऑर्डरींपासून भाद्रपदापर्यंत ज्या हातांवर धंदा उभा असतो, त्या हातांना मोजे, जेलीची बाटली आणि थिनरऐवजी तेल-साबण मालकाने पुरवावा, मजुरीत न कापता. प्लास्टर, काथ्या आणि रंगाच्या बिलापुढे हा खर्च काहीच नाही. आशाताई घरोघर फिरतातच. त्यांच्या वहीत बोटांसाठी एक रकाना वाढवा: बुडाची सूज, खोलगट नख, आडवी खाच, गळणारं नख. रायगडात रेशनच्या गव्हाचा सेलेनियम तपासून आकडा तहसील कचेरीच्या फळ्यावर लावा. ही मागणी मी लेखी देणार आहे, आणि उत्तर येईपर्यंत देत राहणार आहे.